आधी ड्राइव्हचा आकडा लिहून ठेव

दादाच्या कपाटातल्या सगळ्या सीडी संगणकावर उतरवायला घेणार आहेस हे कळलं. फार मोलाचं काम आहे. ते एकदाच करायचं आणि पुन्हा कधी करावं लागणार नाही असं करायचं. म्हणून पहिली सीडी आत घालण्याआधी एवढं कर: तुझ्या ड्राइव्हचा ऑफसेट किती आहे ते शोध आणि कायम शाईच्या पेनने ड्राइव्हच्या पत्र्यावरच लिहून ठेव. माझ्याकडच्या प्रत्येक ड्राइव्हवर तो आकडा लिहिलेला आहे. वहीत लिहिलेलं हरवतं, पत्र्यावरचं हरवत नाही.

ऑफसेट म्हणजे काय ते नीट समजून घे, कारण पुढच्या निम्म्या अडचणी त्यातूनच सुटतात. सीडीवरचं गाणं दर सेकंदाला ४४,१०० सॅम्पलांमध्ये मोजलेलं असतं, आणि ती सॅम्पलं सेक्टरांत भरलेली असतात. सेकंदाला ७५ सेक्टर, म्हणजे एका सेक्टरात ५८८ सॅम्पलं. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० साली हे मानक ठरवलं तेव्हा त्यांच्यासमोर होता घरात गाणी वाजवणारा प्लेअर. पुढे कुणी एकेक सॅम्पल मोजून प्रत काढेल, हा विचार त्यात नव्हता. त्यामुळे डेटाच्या सीडीत प्रत्येक सेक्टरच्या तोंडाशी जशी ओळखखूण आणि पत्ता असतो, तसा गाण्याच्या सेक्टरात नसतो. तिथे सगळे २,३५२ बाइट गाण्याचेच. पत्ता येतो शेजारून धावणाऱ्या एका बारीक प्रवाहातून, त्याला क्यू सबचॅनेल म्हणतात.

आता गंमत बघ. गाण्याची सॅम्पलं डिस्कवर सलग नसतात. ओरखड्याने एका जागचं सगळंच जाऊ नये म्हणून ती मुद्दाम विखरून ठेवलेली असतात. ड्राइव्ह ती गोळा करतो, चुका दुरुस्त करतो, मग पुढे देतो. त्याला थोडा वेळ लागतो. पत्त्याच्या प्रवाहाला हा फेरा नाही, तो लगेच हाती येतो. मग ‘हा पत्ता या सॅम्पलचा’ असं जुळवताना प्रत्येक कंपनीचं सर्किट थोडंथोडं घसरतं. एकाच मॉडेलचे ड्राइव्ह मात्र दर वेळी तेवढेच घसरतात. घरातलं घड्याळ नेहमी पाच मिनिटं पुढे असलं तरी आपली गाडी चुकत नाही, कारण ती पाच मिनिटं आपल्याला ठाऊक असतात. ऑफसेट म्हणजे हीच सॅम्पलांतली घसरण, तिचंही तसंच आहे. चूक कायमची आणि ठरावीक आहे, म्हणूनच एका आकड्याने दुरुस्त होते.

काही आकडे तुला वारंवार भेटतील. प्लेक्सटरच्या जुन्या नावाजलेल्या ड्राइव्हचा +३०. एलजी आणि असूसच्या पुष्कळ नव्या ड्राइव्हचा +६. पायोनियरच्या डीव्हीडी ड्राइव्हचा बहुधा +४८, ब्लू-रे ड्राइव्हचा +६६७. लॅपटॉपमधल्या मात्सुशिताच्या ड्राइव्हचा +१०२ किंवा +१०३. काहींचा उणे असतो, काहींचा हजाराच्याही पलीकडे जातो. पण डब्यावरचं नाव वाचून आकडा ठरवू नकोस. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचे आकडे वेगळे असतात, आणि बाजारात एका कंपनीचा ड्राइव्ह दुसरीच्या नावाने विकला जातो. संगणक ड्राइव्हला कोणत्या नावाने ओळखतो ते बघ. खरं मॉडेल तिथे दिसतं.

तू विचारशील, सहा सॅम्पलांनी काय बिघडतं? ऐकताना काहीच नाही. सहा सॅम्पलं म्हणजे सेकंदाचा सात हजारावा भागही नाही. ६६७ सॅम्पलं म्हणजे सेकंदाच्या हजार भागांतले पंधरा. कान कितीही तयार असला तरी गाणं एवढं पुढेमागे झालेलं त्याला कळणार नाही. मग हा खटाटोप कशासाठी? साक्षीसाठी. तू उतरवलेली फाइल निर्दोष आहे हे तू कशावरून म्हणणार? ऐकून कळत नाही. ओरखड्यामुळे एखादं सॅम्पल गेलं तर ड्राइव्ह आजूबाजूची बघून अंदाजाने भरतो, आणि तो अंदाज इतका चांगला असतो की कानाला पत्ता लागत नाही. पण तीच सीडी दुसऱ्या कुणी दुसऱ्या गावी, दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवली आणि दोन्ही फाइलींची चेकसम, म्हणजे फाइलीतल्या सगळ्या सॅम्पलांवरून काढलेला एक आकडा, शेवटच्या अंकापर्यंत जुळली, तर दोघांचीही फाइल बरोबर आहे यात शंका उरत नाही. दोन निरनिराळे ओरखडे नेमकी एकच चूक करत नाहीत.

अ‍ॅक्युरेटरिप नावाची नोंदवही याच तत्त्वावर उभी आहे. जगभरच्या लोकांनी आपापल्या सीडी उतरवून ट्रॅकवार चेकसम तिथे जमा केल्यात. तुझी चेकसम किती जणांशी जुळली तो आकडा ती सांगते. तो एक असला तरी आधार आहे, पाच-दहा असला तर निश्चिंत झोप. फक्त ही तुलना व्हायची तर सगळ्यांनी एकाच सॅम्पलपासून मोजायला सुरुवात केली पाहिजे. एका सॅम्पलचा फरक पडला तरी चेकसम पार वेगळी येते. ऑफसेट बरोबर भरला नाहीस तर तुझी फाइल ऐकायला उत्तम असेल, पण तिच्या बाजूने बोलणारं कुणी नसेल.

आकडा शोधायचा सोपा मार्ग: विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी किंवा डीबीपॉवरअ‍ॅम्प, मॅकवर एक्सएलडी, लिनक्सवर व्हिपर. यांतलं काहीही घे. जगभर खपलेली, छापील, स्वच्छ सीडी घाल. ती नोंदवहीत असेल तर प्रोग्रॅम स्वतःच आकडा काढून देतो. पण एका सीडीवर विसंबू नकोस. तीन वेगवेगळ्या सीडी लाव. तिन्ही एकच आकडा सांगतात का बघ, आणि तो आकडा अ‍ॅक्युरेटरिपच्या ड्राइव्हांच्या यादीतल्या तुझ्या मॉडेलच्या आकड्याशी पडताळ. घरी बर्न केलेली सीडी या कामाला कधीही वापरू नये. ती सरकलेली असू शकते, आणि मग तिची घसरण तू ड्राइव्हच्या नावावर लिहिशील.

आता जिथे सर्वांत जास्त लोक चकतात ते सांगते. तू एखादी सीडी लावलीस, ती नोंदवहीत आहे, पण एकही ट्रॅक जुळत नाही. लगेच ड्राइव्हचा आकडा बदलायला जाऊ नकोस! एकच अल्बम निरनिराळ्या कारखान्यांत, निरनिराळ्या वर्षी छापला जातो. काचेची मूळ तबकडी कोरतानाच गाणं काही सॅम्पलं पुढेमागे बसतं. संगीत तेच, ट्रॅकांच्या वेळाही त्याच, पण सगळं सरकलेलं. नोंदवहीत युरोपात छापलेली प्रत असेल आणि तुझ्या हातात भारतात छापलेली, तर चेकसम जुळणार नाही, आणि त्यात ना तुझी चूक, ना ड्राइव्हची.

दोन्ही शक्यता वेगळ्या कशा करायच्या? आधी जुळलेली एखादी सीडी पुन्हा लाव. ती आजही जुळली तर ड्राइव्हचा आकडा बरोबर आहे, दोष या छपाईच्या वेगळेपणाचा आहे. तीही जुळेनाशी झाली तर सेटिंगमध्ये काहीतरी हललंय. म्हणूनच जुळलेल्या सीडींपैकी दोन-तीन चांगल्या ‘तपासणीच्या सीडी’ म्हणून बाजूला ठेव, रोजच्या वापरात आणू नकोस. ड्राइव्ह बदलला, नवा संगणक घेतला, प्रोग्रॅमची नवी आवृत्ती टाकली की पहिलं काम त्यांतली एक लावून बघायचं.

वेगळ्या छपाईच्या सीडीसाठी क्यूटूल्स नावाचा प्रोग्रॅम वापर. तो तुझी फाइल थोडी थोडी सरकवून बघतो आणि सांगतो की एवढ्या सॅम्पलांवर ती अमक्या जणांशी जुळते. सगळे ट्रॅक एकाच फरकाने जुळले की काम झालं. फाइल निर्दोष आहे, फक्त छपाई वेगळी. तुझी फाइल मात्र जशी आहे तशीच ठेव. दुसऱ्या छपाईशी जुळावी म्हणून तिला सरकवू नकोस. तुझ्या हातातली डिस्क जशी आहे, तशीच तिची प्रत हवी.

नोंदवहीत फक्त एक ट्रॅक जुळत नाही आणि बाकी सगळे जुळतात, तेव्हा ऑफसेटचा विचारही करू नकोस. ऑफसेट चुकला तर सगळेच ट्रॅक चुकतात. एकच चुकतोय म्हणजे तिथे ओरखडा, डाग किंवा वाचनाची अडचण आहे. ही खूण पक्की लक्षात ठेव, पुष्कळ वेळ वाचेल.

जवळ एक ओळखीचा ड्राइव्ह असेल तर अनोळखी ड्राइव्हचा आकडा नोंदवहीशिवायही काढता येतो. ओळखीच्या ड्राइव्हवर दुरुस्ती लावून एक ट्रॅक उतरव, तोच ट्रॅक अनोळखीवर ऑफसेट शून्य ठेवून उतरव, आणि दोन्ही फाइलींची तुलना कर. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीतच फाइली ताडून बघायची सोय आहे. किती सॅम्पलं जास्तीची किंवा गायब आहेत ते ती सांगते. मधला ट्रॅक घे, पहिला किंवा शेवटचा नको. सुरुवातीला आवाज असलेला ट्रॅक घे, शांततेने सुरू होणारा घेतलास तर फरक दिसत नाही.

यात चिन्हाचा घोळ होतो. +३० अशी दुरुस्ती लागते याचा अर्थ तो ड्राइव्ह गाणं ३० सॅम्पलं उशिरा हाती देतो. फाइलच्या तोंडाशी आधीच्या ट्रॅकची ३० सॅम्पलं येऊन बसतात आणि शेवटची ३० राहून जातात. उणे आकड्याचं बरोबर उलट. डोक्यात गोंधळ झालाच तर एक युक्ती: मिळालेला आकडा भर, ट्रॅक पुन्हा उतरव, पुन्हा तुलना कर. फरक शून्य झाला तर चिन्ह बरोबर. फरक नेमका दुप्पट झाला तर चिन्ह उलटं लागलंय, बदलून टाक. ही युक्ती कधी फसत नाही.

आता दादाच्या कपाटाबद्दल. त्यातल्या पुष्कळशा सीडी ख्यालगायनाच्या आहेत. एकच राग दोन-तीन ट्रॅकांत तोडलेला असतो: विलंबित एका ट्रॅकवर, द्रुत पुढच्या ट्रॅकवर, मध्ये तानपुरा अखंड. अशी सीडी सगळीच्या सगळी एकाच ड्राइव्हवर उतरव. समज, ऑफसेट न भरता तू विलंबित +६ च्या ड्राइव्हवर उतरवलंस, मग ड्राइव्ह अडला म्हणून द्रुत +६६७ च्या ड्राइव्हवर उतरवलंस. पहिली फाइल खऱ्या शेवटाच्या सहा सॅम्पलं आधी संपते, दुसरी खऱ्या सुरुवातीच्या ६६७ सॅम्पलं आधी सुरू होते. म्हणजे सांध्यावर ६६१ सॅम्पलं दोनदा वाजतात, सेकंदाचे हजारातले पंधरा भाग. इथे मात्र कानाला कळतं. तानपुऱ्याचा सूर तिथे अडखळतो, बारीकसा ‘टक्’ येतो. ड्राइव्हांचा क्रम उलटा असता तर तेवढीच सॅम्पलं गायब झाली असती. दोन्ही ड्राइव्हवर आपापली दुरुस्ती लावलेली असेल तर मात्र सांधा पाण्यासारखा जुळतो, मग ट्रॅक कुठल्याही ड्राइव्हवरून आलेला असो. नाटकाच्या किंवा मैफिलीच्या अखंड ध्वनिमुद्रणालाही हाच नियम. आणि मैफिलीच्या सीडीत ट्रॅकच्या आधी-नंतरची शांतता काढून टाकण्याची सेटिंग चुकूनही चालू ठेवू नकोस. गायकाच्या दोन आलापांमधली विसावण्याची जागाही गाण्याचाच भाग आहे.

सीडीच्या दोन टोकांचं थोडं वेगळं आहे. दुरुस्ती अधिक चिन्हाची असेल तर शेवटच्या ट्रॅकची शेवटची सॅम्पलं मिळवायला ड्राइव्हला सीडीच्या सीमेपलीकडे, लीड-आउटमध्ये वाचावं लागतं. सगळ्याच ड्राइव्हना ते जमत नाही. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी प्रोग्रॅम ती सॅम्पलं शांततेने भरतो, ती सेटिंग चालू असू दे. बहुतेक सीडी शांततेतच संपतात, त्यामुळे प्रत्यक्षात काही जात नाही. अ‍ॅक्युरेटरिपने हे आधीच ओळखलंय. पहिल्या ट्रॅकच्या सुरुवातीचे आणि शेवटच्या ट्रॅकच्या शेवटचे सुमारे पाच-पाच सेक्टर, म्हणजे सेकंदाचा पंधरावा भाग, ते मोजणीत धरतच नाही. म्हणून दोन ड्राइव्हवरच्या फाइलींची साधी चेकसम शेवटच्या ट्रॅकपुरती वेगळी आली आणि अ‍ॅक्युरेटरिपची मात्र जुळली, तर घाबरू नकोस. त्या टोकाला एका ड्राइव्हने काही सॅम्पलं वाचली आणि दुसऱ्याने शांतता भरली, एवढाच त्याचा अर्थ.

एका गोष्टीवर माझं ठाम मत आहे. हे सगळे आकडे ज्या शून्यापासून मोजले जातात, ते शून्य मुळात एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीचा कर्ता आंद्रे विथॉफ याने ठरवलं. पुढे जाणकारांनी बारकाईने तपासलं तेव्हा ते शून्यच ३० सॅम्पलांनी सरकलेलं असल्याचं निघालं. त्या हिशेबाने +३० चे प्लेक्सटर ड्राइव्ह खरं तर अगदी बरोबर वाचतात! हे वाचून काही उत्साही लोक आपले आकडे ‘खऱ्या’ शून्याप्रमाणे बदलतात. तू तसं करू नकोस. जगातली सगळी नोंद त्या जुन्या शून्यावर उभी आहे. साक्ष मिळवायची तर सगळ्यांनी एका जागी उभं राहायला हवं, ती जागा ३० सॅम्पलं अलीकडे आहे की पलीकडे याने काही अडत नाही.

ऑफसेट बरोबर असूनही वाचन चुकण्याची दोन कारणं थोडक्यात सांगते. पहिलं, ड्राइव्हची कॅशे. ओरखड्याची जागा प्रोग्रॅम पुन्हा वाचायला सांगतो तेव्हा काही ड्राइव्ह डिस्ककडे बघतच नाहीत, मघाचंच उत्तर आठवणीतून पुन्हा देतात. प्रोग्रॅमला वाटतं दोन्ही वाचनं जुळली. म्हणून ‘हा ड्राइव्ह आवाज कॅशे करतो’ ही सेटिंग तपासून चालू कर. दुसरं, सी-टू. सुधारता न आलेल्या चुका ड्राइव्ह स्वतः कळवतो ते हे. काही ड्राइव्ह इमानदारीने कळवतात, काही कळवतच नाहीत. ओरखडलेली सीडी लावून खात्री होईपर्यंत सी-टूवर विसंबू नकोस, थोडा जास्त वेळ लागला तरी चालेल.

आणि प्रत्येक ट्रॅक दोनदा वाचायची सवय लाव, आधी चाचणी, मग प्रत. दोन्ही चेकसम प्रोग्रॅमच्या लॉगमध्ये शेजारी शेजारी उमटतात. चेकसम काढताना शून्य सॅम्पलं वगळण्याची सेटिंग बंद ठेव, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी तुझा आकडा ताडून बघता येणार नाही. आवाजाची पातळी आपोआप समान करणारी सेटिंगही बंद. प्रत काढताना आवाजाला हात लावायचाच नाही.

सीडी पुसताना मऊ सुती कापडाने मधून कडेकडे, सरळ रेषेत पूस. गोल गोल पुसू नकोस. चुका दुरुस्त करणारी रचना सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचं सलग नुकसान पूर्ण भरून काढू शकते. सरळ ओरखडा वाटेला आडवा जातो, तेवढा निभतो. गोल ओरखडा लेझरच्या वाटेबरोबर लांबच लांब धावतो आणि ती मर्यादा ओलांडतो. खालच्या चकचकीत बाजूपेक्षा वरच्या छापील बाजूला जास्त जप. आवाज जिथे नोंदलेला असतो तो पातळ थर वरच्या रंगाच्या अगदी खाली आहे. तिथे खरचटलं तर ते कशानेही भरून येत नाही. तरीही चार-दोन सेक्टरच गेले असतील तर क्यूटूल्सच्या नोंदवहीतल्या दुरुस्तीच्या माहितीतून कधीकधी ते परत मिळवता येतात. ती सोय बघितल्याशिवाय सीडीवरची आशा सोडू नकोस.

दादाच्या कपाटात खालच्या खणात ज्या हाताने नावं लिहिलेल्या सीडी आहेत, त्या खासगी मैफिलींच्या. त्यांच्यासाठी सगळ्यात जास्त काळजी घे, कारण त्या कुठल्याही नोंदवहीत सापडणार नाहीत. तिथे साक्षीदार तुलाच उभा करायचाय. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे ड्राइव्ह घे, दोघांत आपापला ऑफसेट बरोबर भर, आणि तीच सीडी दोन्हीवर उतरव. चेकसम जुळली की समज, दोन परक्यांनी एकच गोष्ट सांगितली. न जुळलेला ट्रॅक मधला असेल तर तिथे नक्की काहीतरी चुकलंय. पहिला किंवा शेवटचा असेल तर आधी टोकाच्या सॅम्पलांचा संशय धर. काही मैफिली अशा पद्धतीने बर्न केलेल्या असतात की प्रत्येक ट्रॅकनंतर लेझर थांबून पुन्हा सुरू झालेला असतो. त्या सांध्यावरचे सेक्टर नीट वाचता येत नाहीत आणि मध्ये दोन सेकंदांची शांतता घुसते. ट्रॅकच्या शेवटी ड्राइव्ह वारंवार अडतोय असं दिसलं तर ते कारण. तिथे लॉगमध्ये टीप लिहून पुढे जा. या सीडी उन्हात, खिडकीजवळ कधीही ठेवू नकोस. बर्न केलेल्या सीडींवरची नोंद रंगाच्या थरात असते आणि तो थर उजेडाने उतरत जातो. कपाटातलं सगळ्यात आधी उतरवायचं ते हेच, छापील सीडी थांबू शकतात.

परत सीडी बर्न करायची वेळ आली तर लिहिण्याचाही ऑफसेट असतो हे लक्षात ठेव. तो वाचण्याच्या आकड्याहून वेगळा. बरोबर उतरवलेली फाइल बर्न कर, तीच सीडी दुरुस्ती लावलेल्या ड्राइव्हने परत वाच, मूळ फाइलीशी ताड. जो फरक दिसेल तो लिहिण्याचा ऑफसेट. तो त्याच्या जागी भर आणि पुन्हा एकदा करून शून्य आला का बघ. हे केलं नाही तर प्रतीची प्रत, तिची प्रत असं होत जाताना दर पिढीला गाणं सरकत जातं. बर्न करताना सबंध डिस्क एका दमात लिहिण्याची पद्धत निवड, मघाशी सांगितलेला सांध्याचा त्रास त्याने होत नाही.

गेमच्या किंवा डेटाच्या सीडी आणि डीव्हीडी यांच्यासाठी हे काही करू नकोस. तिथे प्रत्येक सेक्टरला स्वतःचा पत्ता असतो. पहिला ट्रॅक डेटाचा आणि पुढचे गाण्याचे अशी मिश्र सीडी मिळाली, तर फक्त गाण्याच्या ट्रॅकांना ऑफसेट लागू.

ड्राइव्ह नेहमी दोन ठेव, आणि दोन वेगळ्या कंपन्यांचे. एक ज्या सीडीवर अडतो ती दुसरा कित्येकदा सहज वाचतो. बाहेरून जोडायचा असेल तर वायर थेट संगणकाला लाव, मधल्या हबला नाही. वीज कमी पडली की वाचन अडखळतं आणि दोष सीडीचा वाटतो. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, लेन्सवर दमटपणाचा पातळ थर बसतो. ड्राइव्ह आणि सीडी सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या डब्यात ठेव, आणि चांगली जुळणारी सीडी अचानक अडायला लागली तर आधी रबराच्या फुंकणीने लेन्सवरची धूळ उडव.

फाइली फ्लॅक स्वरूपात ठेव. त्यात आवाजाची स्वतःची चेकसम आतच लिहिलेली असते, त्यामुळे वर्षांनंतरही फाइल बिघडली का ते तपासता येतं. प्रत्येक अल्बमच्या फोल्डरमध्ये लॉग आणि क्यू शीट (कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो त्याची यादी) ठेव, आणि एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिही: कुठला ड्राइव्ह, कुठला ऑफसेट, नोंदवहीत किती जणांशी जुळली, नाही जुळली तर का. मैफिलींच्या फोल्डरमध्ये दादाच्या हस्ताक्षरातल्या मुखपृष्ठाचा फोटोही टाक; तारीख, जागा आणि साथीदारांची नावं बहुधा तिथेच लिहिलेली आहेत.